चालू कारखान्याचा मळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कोल्हापूरचा. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ३६ वर्षं पॅटर्न मेकर म्हणून काम केलं आणि निवृत्त झालो. पॅटर्न मेकर म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू घ्या, इंजिनाचं चाक घ्या नाहीतर पंपाची बॉडी घ्या, ती ओतायच्या आधी कुणीतरी तिची लाकडी प्रतिकृती केलेली असते. ती रेतीत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. आमची फूटपट्टीसुद्धा वेगळी असते. ओतीव लोखंड थंड होताना फुटाला साधारण एक सूत आटतं, म्हणून आमच्या पट्टीवरचा फूट एक सूत मोठा.

आज मी तुम्हाला एका फौंड्रीचीच गोष्ट सांगणार आहे. फक्त ही फौंड्री ९ इंच लांब आणि ६ इंच रुंद आहे, आणि ती अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात, माझ्या लेकीच्या घराच्या तळघरात उभी आहे.

२०१९ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. नातू तेव्हा १२ वर्षांचा होता. त्याचं मराठी कामचलाऊ, माझं इंग्रजी कामचलाऊ. पहिला आठवडा "जेवलास का?" आणि "हो, आजोबा" एवढ्यावरच निघाला. आठव्या दिवशी त्याने एक खोका आणून माझ्यापुढे ठेवला. वर विटांच्या भिंतींच्या एका जुन्या फौंड्रीचं चित्र. आत करड्या प्लास्टिकच्या सपाट चौकटी आणि त्या चौकटींत जखडलेल्या भिंती, खिडक्या, दारं, छपराचे तुकडे. एक चौकट उचलून तो मला शिकवायला लागला, "आजोबा, याला स्प्रू म्हणतात."

मी उडालोच. अहो, स्प्रू हा तर आमचा शब्द! साच्यात रस ओतायची जी उभी वाट असते, तिला फौंड्रीत स्प्रू म्हणतात. पुढे रस जिथून वस्तूत शिरतो ते गेट. साच्याच्या सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा म्हणजे फ्लॅश. मी एक भिंत हातात घेतली आणि त्याला एकेक दाखवत गेलो. हा बघ गेट, हा रनर, हा फ्लॅश. प्लास्टिक असो की लोखंड, साच्यात ओतून करायच्या वस्तूची भाषा एकच. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

आता थोडं या छंदाविषयी. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. छोटे रूळ, छोटी इंजिनं, सिग्नल, पूल, गावं. माझ्या नातवाच्या तळघरात त्याचंच एक लहानसं रूप होतं. मापाचं नाव एचओ. खऱ्याच्या ८७ वा हिस्सा. खरा एक फूट म्हणजे इथे साडेतीन मिलिमीटर, दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आणि साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या करंगळीच्या टोकाएवढा.

योगायोग असा की मिलवॉकी हे या छंदाचं जुनं ठाणं. वॉल्दर्स ही छोट्या रेल्वेचं साहित्य पुरवणारी कंपनी तिथे १९३२ साली निघाली. 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक तिथूनच १९३४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि १९३५ साली या छंदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही तिथेच स्थापन झाली.

तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या खेळात कारखाना कशाला? मीही हेच विचारलं. नातवाचं उत्तर मला पटलं. नुसती गोल गोल फिरणारी गाडी तासाभरात कंटाळवाणी होते. मालगाडी कुठेतरी जायला हवी, तिथे काहीतरी उतरवायला हवं आणि काहीतरी भरून न्यायला हवं. फौंड्रीला कोक लागतो, बिडाच्या लाद्या लागतात, भंगार लागतं, रेती लागते, चुनखडी लागते. बाहेर पडतं ओतकाम. म्हणजे एक फौंड्री उभी केली की चार-पाच तऱ्हेच्या वॅगनना काम मिळालं. अर्थात खरी फौंड्री ६०० फूट लांब असेल तर या मापातही ती ७ फूट होईल आणि तळघर एकटीच खाईल. म्हणून हे लोक इमारत आखडून घेतात. खिडक्या, दारं, विटा मापात. लांबी मात्र मनाजोगती कमी.

बांधायला घेतली. मला वाटलं होतं, पोरखेळ आहे, दोन तासांत उरकू. दोन आठवडे लागले.

आधी सगळ्या चौकटी कोमट साबणाच्या पाण्याने धुतल्या. साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश प्लास्टिकवर राहिलेला असतो, त्यावर रंग धरत नाही. आमच्याकडे पॅटर्न रेतीतून सुटावा म्हणून आम्ही भुकटी मारायचो, तसलाच प्रकार. मग भाग कापून काढले. नातू हाताने पिळून तोडायला निघाला होता, त्याला थांबवलं. पिळला की गेट आतून टवका घेऊन येतो. थोडं लांबून कापायचं आणि उरलेलं कानशीने घासायचं.

दोन भिंती काटकोनात धरल्या तर कोपऱ्यात उजेड दिसायला लागला. नातू म्हणाला, संच खराब आलाय. मी गुण्या लावून पाहिला आणि हसू आलं. भिंतीच्या कडेला बारीकसा उतार होता. तो मुद्दाम दिलेला असतो. पॅटर्न सरळ उभ्या कडांचा केला तर रेतीतून निघताना साचा मोडतो, म्हणून आम्ही त्याला टेपर देतो. प्लास्टिकच्या साच्यालाही तेच लागतं. काचेच्या तुकड्यावर काचकागद चिकटवला आणि प्रत्येक कड त्यावर घासून सरळ केली. एकेका भिंतीला अर्धा तास. पोरगं कंटाळेल असं वाटलं होतं, पण पहिला कोपरा बंद झाला आणि उजेड दिसेनासा झाला, तेव्हा त्याने गुण्या स्वतःकडे घेतला. नंतर तो मला हातही लावू देईना.

प्लास्टिकचा हा गोंद खरं तर गोंद नसतोच. तो पाण्यासारखा पातळ असतो. ब्रशने सांध्यावर आतल्या बाजूने टेकवला की आपोआप फटीत ओढला जातो, दोन्हीकडचं प्लास्टिक जरासं वितळवतो आणि उडून जातो. सांधा एकजीव होतो, वेल्डिंगसारखा. वास उग्र असतो, म्हणून खिडकी उघडी ठेवायची. वाळेपर्यंत भिंती धरायला आम्ही कपडे वाळत घालायचे चिमटे वापरले.

खिडक्यांच्या काचा म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे. त्यांना मी आपला झटपट चिकटणारा गोंद लावला आणि फसलो. त्याच्या वाफेने तीन काचा आतून पांढुरक्या धुरकट झाल्या. मी ओशाळलो. त्या बदलायचं ठरलं, पण निर्णय पुढे ढकलला. या काचांचा विषय नंतर येईल.

मग रंग. संचातलं चित्र लाल विटांचं होतं. लेक म्हणाली, "बाबा, मिलवॉकीची फौंड्री लाल कशी असेल?" या शहराला क्रीम सिटी असं जुनं नाव आहे ते तिथल्या विटांवरून. मिशिगन सरोवराच्या काठच्या तिथल्या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे भाजल्यावर वीट लाल न होता दुधावरच्या सायीसारखी पिवळट होते. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या कितीतरी इमारती याच विटांच्या. पण ही वीट सच्छिद्र. धूर आणि काजळी पिऊन घेते. कारखान्यांच्या काळात कितीतरी इमारती काळ्या पडल्या. पुढे काहींनी वाळूचा मारा करून त्या साफ केल्या, तर विटेचा वरचा टणक थरच निघून गेला.

आम्ही भिंती सायीच्या रंगात रंगवल्या. विटा केवढ्या, तर आठ इंची वीट या मापात सव्वादोन मिलिमीटरची. मधल्या रेघा रंगवायला ब्रश चालणार नाही. करडा रंग पातळ करून सगळ्या भिंतीवर फासायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. विटांवरचा पुसला जातो, सांध्यांतला राहतो. भिंती आतून मात्र काळ्या केल्या. प्लास्टिकमधून उजेड झिरपतो, आत दिवा लावला तर अख्खी फौंड्री आकाशकंदिलासारखी उजळते.

जूनच्या मध्यावर इमारत उभी राहिली. सायीच्या भिंती, काळं छप्पर, वर धूर जायला उंचावलेलं दुसरं छोटं छप्पर, बाजूला क्यूपोला भट्टीची चिमणी. टेबलावर अशी दिसत होती की जणू आजच कुणीतरी नारळ फोडून उद्घाटन करणार आहे.

नातू म्हणाला, "आता वेदरिंग."

"म्हणजे?"

"म्हणजे घाण करायची."

आमच्या सौभाग्यवती शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, आयुष्यभर तुमच्या शर्टांची काजळी काढून हात झिजले माझे. आणि आता विकत आणून लावताय?"

बोलणं खरं होतं. फौंड्रीतल्या माणसाला मळ म्हणजे काय ते विचारा. नाक शिंकरलं तर काळं, कान पुसला तर काळं. सणावाराला पाहुण्यांत बसताना नखं लपवावी लागायची. आणि हा पोरगा त्यासाठी रंगांच्या आठ बाटल्या काढून बसला होता. गंज, जुना गंज, काजळी, धूळ. प्रत्येकीवर नाव!

मळवण्याचा हा प्रकार या छंदात तसा जुना. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे जॉन ॲलन नावाचे एक छायाचित्रकार होते. छोट्या रेल्वेवाल्या बहुतेकांना गाड्या चकचकीत आवडत त्या काळात त्यांनी आपल्या घरातल्या रेल्वेवर इंजिनं धुरकटवली, छपरं गंजवली, लाकडाच्या भिंती उन्हापावसाने विटलेल्या दाखवल्या. त्यांची छायाचित्रं मासिकांतून छापून आली आणि बघणाऱ्यांची नजरच बदलली. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच आग लागून ती बहुतेक सगळी रेल्वे जळून गेली. राहिली ती छायाचित्रं. नातवाने मला ती दाखवली. त्या धुरकट इंजिनांमध्ये दम होता, हे मला कबूल करावं लागलं.

पण नातवाचा बेत ऐकून मी हटलो. त्याला काचा फोडायच्या होत्या, छप्पर अर्धं पाडायचं होतं, सगळीकडे गंज ओघळवायचा होता आणि भट्टीच्या चिमणीतून एक झाड उगवायचं होतं.

मी म्हटलं, "अरे, हा कारखाना बंद पडलाय का?"

तो म्हणाला, "हो. बंदच असतात ना, आजोबा?"

श्रोतेहो, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने जन्मापासून जुन्या विटांचे जे जे कारखाने पाहिले, ते एकतर ओसाड होते नाहीतर त्यांत दुकानं आणि राहायचे फ्लॅट झालेले होते. जुना कारखाना म्हणजे बंद कारखाना, एवढंच त्याला ठाऊक. मी काही बोललो नाही. मी २००५ साली निवृत्त झालो आणि त्यानंतर चार वर्षांनी आमची फौंड्री बंद पडली. जागा विकली गेली, शेड उतरवली. आज तिथे मंगल कार्यालय आहे. एका लग्नाला जाऊन मी तिथे जेवूनसुद्धा आलो. कुठल्या पंगतीच्या जागी माझं बाक होतं, ते मला ओळखता आलं नाही. त्या शेडचा माझ्याकडे एकही फोटो नाही. कामाच्या जागेचा फोटो कोण काढून ठेवतो?

दोन दिवस टेबलावरचं काम थांबलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता. जावई आम्हाला मेनॉमिनी नदीच्या खोऱ्यात घेऊन गेले. एकेकाळी मिलवॉकीचे मोठमोठे कारखाने याच खोऱ्यात होते. मिलवॉकी रोड या रेल्वे कंपनीचं डबे आणि इंजिनं बांधायचं प्रचंड वर्कशॉप इथलंच. १९८५ साली ती कंपनी दुसऱ्या रेल्वे कंपनीने घेतली आणि वर्कशॉप बंद झालं. आता तिथे बाग आणि नवे कारखाने आहेत. जुन्या वर्कशॉपच्या दोन चिमण्या तेवढ्या ठेवल्या आहेत. त्यांच्याखाली उभं राहून नातवाने विचारलं, "आजोबा, तुमची फौंड्री अशीच होती?"

"अशी नव्हती. ती चालू होती."

"मग चालू कारखाना घाण नसतो?"

"असतो की. पण त्याची घाण वेगळी असते."

आणि मग मला सांगत सुटावं लागलं. त्या दुपारी आम्ही खोऱ्यातल्या रस्त्यांवरून हिंडलो आणि दिसेल त्या भिंतीपुढे उभे राहून मळ वाचला. तो वहीत टिपत होता. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन टोकांखाली काळे ओघळ असतात, मधोमध नसतात, कारण उंबऱ्यावरचं पाणी टोकांवरून खाली उतरतं. पन्हाळीच्या नळाचा सांधा जिथे गळतो, तिथून खाली भिंत हिरवट. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन कमी, म्हणून शेवाळ तिकडे जास्त. जमिनीलगतच्या हात-दीड हाताच्या पट्ट्यात विटांवर पांढरं. आपण त्याला लोणा म्हणतो. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचीही त्यात भर.

एवढा मळ चालू आणि बंद दोन्ही इमारतींवर असतो. पण चालू फौंड्रीवर आणखी असतं ते माणसांच्या वावरामुळे. उंचावलेल्या छपराच्या झडपांतून धूर निघतो, म्हणून त्या झडपांच्या वर आणि बाजूने काजळीचे पंखे उमटतात. भट्टीच्या चिमणीभोवतीचं छप्पर तांबूस करडं होतं, कारण भट्टीतून लोखंडाची बारीक भुकटी उडते. रेतीच्या दाराशी जमीन काळी असते, जळक्या रेतीने. माल चढवायच्या धक्क्याची कड ढकलगाड्यांच्या चाकांनी झिजून गोल होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जिथे माणसाचा हात लागतो तिथे गंज टिकत नाही. दाराची कडी, जिन्याचा कठडा, साखळीचे खालचे चार दुवे, हे चकचकीत असतात. कारखाना बंद पडला की पहिला गंज चढतो तो या ठिकाणी.

तो म्हणाला, "मग आपली चालू ठेवू."

मी म्हटलं, "चालेल."

घरी आल्यावर ठरवलं की साल १९५६, ऑक्टोबरातली संध्याकाळ. या छंदात साल ठरवावंच लागतं, कारण इंजिनं, मोटारी, पाट्या सगळं त्यावर अवलंबून असतं.

आता मळवायची रीत सांगतो. पाव लिटर अल्कोहोलात चमचाभर काळी शाई घालायची. आपण शाळेत ड्रॉइंगला वापरायचो तीच ही शाई. अमेरिकेतही तिला इंडिया इंक म्हणतात, तिचा उगम चीनचा असला तरी. हे पाणी भिंतीवरून वरून खाली सोडलं की ते विटांच्या खाचांत, उंबऱ्यांखाली, कोपऱ्यांत जाऊन बसतं, म्हणजे खरा मळ जिथे बसतो तिथेच. ब्रश नेहमी वरून खाली, कारण पाऊस वरून खाली पडतो. काजळीसाठी मऊ रंगीत खडू काचकागदावर घासून त्याची पूड करायची आणि कोरड्या ब्रशने लावायची. आणि उठावासाठी फिकट रंगात ब्रश बुडवून जवळजवळ कोरडा पुसून घ्यायचा आणि कडांवरून हलकेच फिरवायचा. धक्क्याची झीज आम्ही तशी दाखवली.

काजळीचा रंग मात्र माझ्याकडून चुकत होता. मी शुद्ध काळी पूड लावत होतो आणि भिंत फळ्यासारखी दिसत होती. तेव्हा सौभाग्यवती येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काजळी काळी नसते. पांढऱ्या कापडावर आधी करडी दिसते, मग पिवळट तपकिरी. काळी होते ती शेवटी, कॉलरच्या घडीत. आणि पुसायला जाऊ नका, पसरते." त्या ३६ वर्षांच्या अनुभवावर आम्ही करड्यात थोडा तपकिरी खडू मिसळला. काळा फक्त झडपांच्या खाचांत. भिंत एकदम खरी दिसायला लागली. आणखी एक हिशेब नातवाने शिकवला. आपण दोन फुटांवरून हे पाहतो, म्हणजे या मापात १७४ फुटांवरून. एवढ्या अंतरावरून खरी भिंत पाहिली तर कुठलाच रंग भडक दिसत नाही. म्हणून मनात येईल त्याच्या पाव पट मळ लावायचा आणि थांबायचं.

एक अपघात झाला. खडूची पूड टिकावी म्हणून आम्ही बिनचकाकीचं वार्निश फवारलं. पुडीतली अर्धी त्यात दिसेनाशी झाली, ते ठीक. पण एक बाजू फिकी वाटली म्हणून मी वार्निशवरच पुन्हा शाईचं अल्कोहोल सोडलं. पाच मिनिटांत अख्खी भिंत पांढरी फटक! तीन आठवड्यांची मेहनत. मी खुर्चीवर बसलो. कामावर माझ्या हातून पॅटर्न वाया गेला की मिस्त्री एक शब्द बोलायचे नाहीत, नुसते बघायचे, ते आठवलं. नातवाने शांतपणे वार्निशचा एक पातळ हात पुन्हा मारला आणि पांढरेपणा डोळ्यांदेखत विरला. त्याला ते ठाऊक होतं. जमिनीलगतचा पट्टा त्याने आधीच चिकटपट्टीने झाकला होता. तेवढा पांढराच राहिला. "तो लोणा," तो म्हणाला. शब्द त्याने बरोबर उचलला होता.

त्या तीन धुरकट काचा बदलल्या नाहीत. भट्टी पेटणाऱ्या शेडची काच कधी स्वच्छ असते का? उलट आत दिवा लावल्यावर त्याच सगळ्यात छान दिसल्या.

तरी एक गोष्ट मला मान्य करावी लागली. नातवाला एक गंजकी जागा हवीच होती. मी आठवून पाहिलं. आमच्या फौंड्रीच्या मागेही एक पत्र्याची शेड होती. जुने मोडके साचे आणि एक कधीच दुरुस्त न झालेलं यंत्र तिथे वर्षानुवर्षं पडून होतं. चालू कारखान्यातही एखादा कोपरा मेलेला असतोच. म्हणून मागची शेड त्याला दिली. त्याने ती मनसोक्त गंजवली, झाडसुद्धा लावलं.

शेवटचं काम मी केलं. सहा बी पेन्सिल घेतली आणि मोठ्या दाराच्या कडीवर तिचं टोक चार वेळा फिरवलं. शिशाने ती कडी हात लागून झिजलेल्या लोखंडासारखी चमकली. केवढी कडी, तर ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी. नातू जवळ येऊन बघत होता. त्याने विचारलं, "तुम्ही इथून आत जायचा?"

"हो. पावणेआठच्या भोंग्याला."

"आणि आत गेल्यावर?"

त्या संध्याकाळी मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. भट्टीच्या दिवशी सकाळपासून शेडमध्ये कसे सगळे कमी बोलायचे. पहिला रस सुटताना कसा उजेड पडायचा आणि चेहरे कसे दिसायचे. ओल्या साच्यात रस पडून उडाला आणि माझ्या शेजारचा ओतारी पायावर भाजला तो दिवस. दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो, तर त्याने विचारलं, कास्टिंग चांगलं आलं का? हे मी माझ्या लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती जिन्यात उभी राहून ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

तुमच्यापैकी कुणाला असं काही करावंसं वाटलं तर महागडा संच लागत नाही. पुठ्ठा, कात्री, गुण्या, रंगीत खडू आणि काळी शाई पुरते. पण त्याआधी घराजवळच्या एखाद्या जुन्या भिंतीपुढे दहा मिनिटं उभे राहा. गिरणी असेल, गूळघर असेल, एसटीचा डेपो असेल. कुठला डाग कशाने पडला, ते एकेक ओळखा. आणि तिथे काम केलेलं कुणी अजून असेल तर त्याला बरोबर न्या.

ऑगस्टमध्ये आम्ही परत आलो. नातू आता मोठा झालाय, आवाज फुटलाय. अधूनमधून व्हिडिओ कॉल करतो आणि फोन तळघरात नेतो. तिथला दिवा बंद करतो, मग फौंड्रीचा लावतो. मागच्या खेपेला म्हणाला, "आजोबा, कोक संपत आलाय. उद्या दोन वॅगन मागवल्यात."

मी म्हटलं, "रेतीही बघ. आणि कडीवर पेन्सिल फिरव रे, गंज दिसतोय."